ईबी-५ चा वकील प्रकल्पाच्या आधी शोधा, आणि तो एजंटाचा नसावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं दांपत्य, दिंडोरी तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन नुकतीच विकलेली. मुलगा तीस वर्षांचा, विवाहित, अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. ईबी-५, म्हणजे गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या अमेरिकी व्हिसाचं काम करणारा एक एजंट म्हणतो, ८ लाख डॉलर गुंतवा, घरातल्या सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळेल. वकील आम्हीच देतो, त्याची फी प्रकल्पवाले भरतील. कुटुंबाला कळत नाही की हा वकील घ्यावा, की आपला वेगळा करावा. आणि वेगळा केला तर त्याच्याकडे काय घेऊन जावं, काय विचारावं?

वेगळा करा. प्रकल्प ठरवण्याआधी करा, आणि शक्य असेल तर पुढची जमीन विकण्याआधी करा. अमेरिकेच्या बाजूचे फॉर्म कुठलाही बरा वकील भरून देईल. भारतातून येणाऱ्या अर्जांत अडचण येते ती पैशाच्या कागदांत आणि पैसा पाठवण्याच्या पद्धतीत. एकदा पैसा चुकीच्या वाटेने गेला की तो मागे घेऊन पुन्हा नीट पाठवणं जवळपास अशक्य असतं.

पहिली गाठ इथेच सोडवू या: "घरातल्या सगळ्यांना" हे खरं नाही. अर्जदार मुलगा असेल तर ग्रीन कार्ड त्याला, त्याच्या बायकोला आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना मिळतं. आईवडिलांना मिळत नाही. मुलगा पुढे अमेरिकेचा नागरिक झाला, म्हणजे ग्रीन कार्डनंतर साधारण पाच वर्षांनी, की तो आईवडिलांसाठी वेगळा अर्ज करू शकतो. उलट वडील अर्जदार झाले तर आई येते, पण तीस वर्षांचा विवाहित मुलगा येत नाही. अर्जदार कोण, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे: पैसा कुठल्या नियमाखाली बाहेर जाईल, कर कुणाच्या विवरणपत्रात दिसेल, कुठले कागद लागतील. वकिलाने पहिल्या बैठकीत हा प्रश्न स्वतःहून काढला नाही, तर दुसरा वकील शोधा.

कायद्याची चौकट अशी. मार्च २०२२ मध्ये ईबी-५ चा कायदा बदलला. ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागातला प्रकल्प, किंवा सरकारी पायाभूत प्रकल्प असेल तर ८ लाख डॉलर. बाकी ठिकाणी १० लाख ५० हजार. प्रत्येक गुंतवणूकदारामागे दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण झाल्या पाहिजेत, पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान ३५ तास. वर्षाला सुमारे दहा हजार ईबी-५ व्हिसा असतात आणि त्यात बायको-मुलंही मोजली जातात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचे चार व्हिसा गेले. त्यातले २० टक्के ग्रामीण, १० टक्के बेकारीग्रस्त आणि २ टक्के पायाभूत प्रकल्पांसाठी राखीव असतात. भारतीयांसाठी बिनराखीव गटात रांग आहे, म्हणून आज बहुतेक जण राखीव गटातूनच जातात. रांगेची स्थिती अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. एजंटाने दाखवलेला जुना तक्ता बाजूला ठेवा आणि चालू महिन्याचं बुलेटिन स्वतः उघडून बघा.

तीन तारखा वहीत लिहून ठेवा. रीजनल सेंटर, म्हणजे अनेक गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करून प्रकल्पात घालणारी मान्यताप्राप्त संस्था. या योजनेला कायद्याने दिलेली मुदत ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना संरक्षण आहे, म्हणजे पुढे योजनेची मुदत संपली तरी त्या अर्जांचा निकाल लावावा लागतो. आणि १ जानेवारी २०२७ पासून गुंतवणुकीची किमान रक्कम महागाईप्रमाणे वाढते, त्यानंतर दर पाच वर्षांनी. एजंट घाई करतो ती याच तारखांच्या जोरावर. तारखा खऱ्या आहेत, म्हणूनच कागद आधी तयार हवेत. कागद अर्धवट ठेवून पैसा आधी पाठवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता वकिलाचा मूळ प्रश्न. प्रकल्पाने फी दिलेला वकील प्रामाणिक असू शकतो, पण तो दोन दगडांवर पाय ठेवून उभा असतो. प्रकल्पाच्या कागदात काही खटकलं तर ते तुम्हाला सांगणं त्याचं कर्तव्य. आणि त्याला पुढची वीस कामं त्याच प्रकल्पाकडून यायची असतात. ही नुसती शंका नाही. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे सेकने, अनेक इमिग्रेशन वकिलांवर कारवाई जाहीर केली, कारण ते आपल्या अशिलांना ईबी-५ प्रकल्प सुचवून प्रकल्पाकडून कमिशन घेत होते आणि त्यासाठी लागणारी ब्रोकरची नोंदणी त्यांच्याकडे नव्हती. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, व्हरमाँट राज्यातल्या जे पीक स्की रिसॉर्टच्या ईबी-५ प्रकल्पांत गुंतवणूकदारांचा पैसा दुसरीकडे वळवल्याबद्दल सेक न्यायालयात गेलं. असा प्रकल्प कोसळतो तेव्हा गुंतवणूकदाराची रक्कम आणि ग्रीन कार्ड दोन्ही एकाच वेळी टांगणीला लागतात. तेव्हा बाजूने बोलणारं स्वतःचं माणूस असावं लागतं.

२०२२ च्या कायद्याने यावर एक चांगलं हत्यार दिलं आहे आणि फार थोडे लोक ते वापरतात. ईबी-५ ची गुंतवणूक मिळवून देणाऱ्या प्रत्येकाला, त्यात भारतातले एजंटही आले, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-९५६के फॉर्मवर नोंदणी करावी लागते. शिवाय तुमच्या गुंतवणुकीतून कुणाला किती कमिशन, फी किंवा व्याज मिळणार हे सांगणारा कागद तुमच्या सहीने अर्जासोबत जोडावा लागतो. म्हणून एजंटाला आजच दोन गोष्टी लेखी मागा: आय-९५६के च्या नोंदणीची पावती, आणि आमच्या ८ लाखांवर तुम्हाला किती मिळणार त्याचा आकडा. कमिशन घेणं बेकायदा नाही. लपवणं बेकायदा आहे. आणि "ते नंतर बघू" असं उत्तर आलं तर निर्णय तिथेच झाला असं समजा.

वकील पारखताना आधी परवाना. अमेरिकेत वकिलाला एखाद्या राज्याचा परवाना असतो, पण इमिग्रेशन कायदा केंद्राचा असल्यामुळे टेक्सासचा वकील कॅलिफोर्नियातल्या अर्जदाराचं काम करू शकतो. प्रत्येक राज्याच्या बारच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर वकिलाचं नाव टाकून शोधता येतं. नाव चालू यादीत आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे बहुतेक ठिकाणी तिथेच दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेचं सदस्यत्व चांगलं, पण तो परवाना नव्हे. पुण्यातला किंवा मुंबईतला "इमिग्रेशन कन्सल्टंट" अमेरिकी कायद्याचा सल्ला द्यायला पात्र असेलच असं नाही. तुमच्या वतीने खात्याशी बोलणाऱ्या माणसाला जी-२८ फॉर्मवर स्वतःचं नाव आणि परवान्याचा तपशील लिहून सही करावी लागते. त्या फॉर्मवर कुणाचं नाव येणार, तेच विचारा. बैठकीला येणारा गोड बोलणारा माणूस आणि सही करणारा माणूस बरेचदा वेगळे निघतात.

मग अनुभव. "ईबी-५ करता का?" हा प्रश्न उपयोगाचा नाही, सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: २०२२ नंतरचे आय-५२६ई, म्हणजे गुंतवणूकदाराचे पहिले अर्ज, किती दाखल केले, त्यात भारतातून पैसा आलेले किती, शेतजमिनीच्या विक्रीतून आलेले किती? आय-८२९, म्हणजे ग्रीन कार्डवरची अट काढून घेण्याच्या टप्प्यापर्यंत किती नेले? पैशाच्या उगमाचा अहवाल कोण लिहितो, वकील स्वतः की सहायक? खात्याने जादा पुरावा मागितला तर त्याचं उत्तर ठरलेल्या फीत येतं की वेगळं बिल होतं? या प्रकल्पाशी, त्याच्या रीजनल सेंटरशी किंवा आमच्या एजंटाशी तुमचा पैशाचा काही संबंध आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारात लिहून घ्या.

फी बहुधा ठरावीक असते आणि टप्प्यांनी घेतात. आय-५२६ई एक टप्पा, आय-४८५, म्हणजे अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागणं, हा दुसरा, आय-८२९ तिसरा. तिन्हींची रक्कम आधीच लिहून घ्या. सरकारी फी, भाषांतर, कुरिअर, बायको-मुलांचे वेगळे अर्ज यांचा हिशेब त्यात धरलेला आहे की नाही हे विचारा. ईबी-५ ची सरकारी फी गेल्या काही वर्षांत बदलत आली आहे, त्यामुळे दाखल करायच्या आठवड्यात खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्मची आवृत्ती आणि फी दोन्ही पुन्हा तपासा. चुकीच्या रकमेचा अर्ज उघडून न वाचताच परत येतो. निकालावर अवलंबून असलेली फी किंवा "ग्रीन कार्डची हमी" कुणी देत असेल तर तिथून उठा.

एकट्या इमिग्रेशन वकिलावर भागत नाही, हेही सांगायला हवं. तो गुंतवणूक सल्लागार नव्हे. प्रकल्प पैसे परत देईल का हे सांगणं त्याचं काम नाही आणि चांगला वकील तसं स्पष्ट सांगतो. प्रकल्पाचे कागद वाचायला स्वतंत्र माणूस लागतो, मुलासाठी अमेरिकेतला करसल्लागार लागतो, आणि इथे फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, जाणणारा सीए लागतो. नेहमीचा विवरणपत्र भरणारा सीए कितीही विश्वासाचा असला तरी परदेशी रकमेचे नियम रोज हाताळणारा माणूस वेगळा. या सगळ्यांना एका व्हिडिओ कॉलवर एकत्र आणा. अमेरिकेचा वकील "आईने मुलाला पाठवलं तरी चालेल" म्हणतो आणि इथली बँक ते अडवते, असं एकमेकांशी न बोलल्यामुळे होतं.

आता खरा मुद्दा, पैशाचा उगम. अमेरिकेच्या खात्याला दोन गोष्टी सिद्ध करून हव्या असतात: पैसा कायदेशीर मार्गाने कमावलेला आहे, आणि तिथून प्रकल्पाच्या खात्यापर्यंतची साखळी कुठेही तुटलेली नाही. ८ लाखांच्या वर जी प्रशासकीय फी प्रकल्प घेतो तिचाही उगम दाखवावा लागतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. बक्षीस म्हणून मिळालेल्या पैशात देणाऱ्याचाही उगम तितक्याच खोलात मागतात, म्हणजे मुलगा अर्जदार असला तरी वडिलांची जमीन तपासली जाणारच. गेल्या सात वर्षांची विवरणपत्रं मुलाची आणि आईवडिलांची, दोन्हीकडची काढून ठेवा.

जमिनीची फाइल अशी लावावी. आजोबांच्या नावावर जमीन कशी होती ते दाखवणारा जुना सातबारा, आजोबांचा मृत्यू दाखला, वारसनोंदीचा फेरफार, भावंडांत वाटणी झाली असेल तर वाटणीपत्र, आत्यांनी हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र. जुने स्कॅन केलेले फेरफार भूमी अभिलेखच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावर बरेचदा सापडतात, नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मागावी लागते आणि तिथे महिना सहज जातो. पुढे खरेदीखत, सूची क्रमांक दोन, आणि विक्रीनंतर खरेदीदाराचं नाव लागलेला सातबारा. संकेतस्थळावरचा नुसता बघण्यासाठीचा उतारा नको, डिजिटल स्वाक्षरीचा काढा.

यात अडकतं कुठे? पहिलं, इतर हक्काच्या रकान्यात. तिथे वीस वर्षांपूर्वीचा विकास सोसायटीचा बोजा तसाच असतो. कर्ज फिटलेलं, पण बोजा कमी केल्याची नोंद झालेली नाही. भाषांतरात तो जसाच्या तसा उतरतो आणि अधिकारी विचारतो, या जमिनीवर कर्ज होतं तर विक्रीच्या पैशातून ते गेलं का? सोसायटीचा बेबाकी दाखला जोडला की प्रश्न मिटतो, पण तो आधी जोडायला हवा.

दुसरं, नाव. सातबाऱ्यावर बाळासाहेब, आधारवर भालचंद्र, पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. ही एकच व्यक्ती आहे हे सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि शक्य असेल तर राजपत्रातली नोंद लागते.

तिसरं, भाषांतर. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं, आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. कागद गावठाणाचा असो की न्यायालयाचा, महसुली शब्द जाणणाराच माणूस घ्या. पोटखराबा म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्र. ते "खराब पोट" झालेली भाषांतरं फाइलला हास्यास्पद करतात आणि क्षेत्रफळाचा मेळही बिघडवतात. हेक्टर-आर मधला आकडा एकरात बदलताना दशांश चिन्ह सरकतं, तेही तपासा.

चौथं आणि सगळ्यात अवघड: रोखीचा भाग. सूची दोनवर जो मोबदला लिहिला आहे तेवढाच पैसा सिद्ध करता येतो. त्यापलीकडे हातात आलेली रोकड ईबी-५ साठी नाहीच असं धरून चाला. ती मित्रांच्या खात्यांतून फिरवून "बक्षीस" म्हणून आणण्याचा सल्ला कुणी दिला तर तो तुमच्या मुलाचं आयुष्य पणाला लावतो आहे. खोटी माहिती देऊन इमिग्रेशनचा लाभ मागितल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी होऊ शकते, आणि इथे फेमाखाली रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे. वकिलापासून ही गोष्ट लपवू नका. तो गुपित ठेवायला बांधलेला आहे, आणि स्वच्छ रक्कम किती हे कळलं तरच तो खरं उत्तर देईल.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे वडिलांची विवरणपत्रं कधी भरलेलीच नसतात. घाबरायचं कारण नाही, पण पोकळी पुराव्याने भरावी लागते: पिंपळगाव बसवंतच्या किंवा नाशिकच्या बाजार समितीतल्या आडत पट्ट्या, द्राक्ष निर्यातदाराने खात्यात जमा केलेली रक्कम, कारखान्याची ऊस बिलं, पीक पाहणीच्या नोंदी, सीएचं पत्र. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर का भरला नाही, याचंही उत्तर तयार ठेवा. ग्रामीण शेतजमीन आयकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, पण "ग्रामीण" ची व्याख्या अंतरावर ठरते: दहा लाखांवर लोकसंख्येच्या नाशिकसारख्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या बाहेर, आणि १० हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपंचायतीपासून २ किलोमीटरच्या बाहेर, तेही सरळ रेषेत मोजून. गट नंबर या पट्ट्यात येत असेल तर कर लागू होतो. अंतराचा दाखला फाइलमध्ये हवा.

आणि जमीन एकत्र कुटुंबाची असून विक्रीची रक्कम एचयूएफच्या, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, खात्यात पडली असेल तर थांबा. परदेशी पैसे पाठवण्याची सवलत फक्त व्यक्तीला आहे, एचयूएफला नाही. आधी रीतसर वाटप, मग व्यक्तीच्या खात्यात रक्कम, मग पुढचं. मुलाचं नावही वारसाने सातबाऱ्यावर असेल तर त्याच्या हिश्श्याची रक्कम त्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयातल्या, खात्यातून नेता येईल का, हे सीएकडून तपासून घ्या. त्या खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेण्याची वेगळी मर्यादा आहे. जमीन विकायच्या आधी वकील गाठा असं वर म्हटलं ते यासाठीच.

आता पैसा पाठवणं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, बँकेच्या भाषेत एलआरएसमध्ये, निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. एप्रिल ते मार्च. म्हणून बहुतेक कुटुंबं वर्षाच्या सांध्यावर पाठवतात: मार्चमध्ये वडील अडीच, आई अडीच, एप्रिलमध्ये पुन्हा दोघं. झाले दहा लाख, त्यात गुंतवणूक आणि फी दोन्ही बसते. मात्र हे चालतं कारण मुलगा अनिवासी आहे आणि रक्कम त्याला बक्षीस म्हणून जाते आहे. वडील अर्जदार असते तर हाच हिशेब मोडला असता: एका निवासी व्यक्तीला दुसऱ्या निवासी व्यक्तीच्या परदेशातल्या खात्यात डॉलर बक्षीस देता येत नाहीत, आणि गुंतवणुकीसाठी कुटुंबातल्या मर्यादा एकत्र करायच्या तर सगळे त्या गुंतवणुकीत सहमालक असावे लागतात. शिवाय निवासी व्यक्तीने परदेशातल्या बिगरसूचीबद्ध कंपनीत किंवा भागीदारीत पैसे घालण्याला २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात आणि वित्तीय सेवा देणाऱ्या संस्थेबाबत ते कडक आहेत. बहुतेक ईबी-५ प्रकल्पांत गुंतवणूकदारांची भागीदारी पुढे बांधकाम करणाऱ्या कंपनीला कर्जच देते. तेव्हा वडील अर्जदार असतील तर फेमा सल्लागाराचं लेखी मत घेतल्याशिवाय एक डॉलर हलवू नका.

बँकेचं कर्ज काढून एलआरएसने गुंतवणूक पाठवायची नाही. भांडवली व्यवहारासाठी बँकेने असं कर्ज देऊच नये असा नियम आहे. घर तारण ठेवून ईबी-५ करायचा सल्ला देणारे हे सांगत नाहीत.

आईच्या खात्यात पैसा वडिलांकडून येणार असेल तर त्याचं साधं बक्षीसपत्र करा, तारीख आणि रक्कम बँकेच्या नोंदीशी जुळू द्या. आईच्या ठेवीवरचं व्याज वडिलांच्या उत्पन्नात धरलं जातं, तेवढं विवरणपत्रात दाखवा. आईवडील मुलाला देतात त्या बक्षीसपत्रात रक्कम परत मागणार नाही हे स्पष्ट हवं. काका, मामा, आत्या, मावशी यांच्याकडून मदत घेतली तर आयकरात ते नातेवाईक धरतात. चुलतभाऊ, मावसभाऊ धरत नाहीत, तिथे कर बसू शकतो.

टीसीएसने, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते त्या कराने, अनेकांचं गणित कोलमडतं. वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के कापून घेते. हिशेबाला सोपा म्हणून डॉलर ९० रुपये धरा: अडीच लाख डॉलर म्हणजे २ कोटी २५ लाख, त्यातले १० लाख वजा, उरलेल्या २ कोटी १५ लाखांवर ४३ लाख रुपये. एका माणसाचे, एका वर्षाचे. हा कर बुडत नाही, विवरणपत्रातून परत येतो, पण तोपर्यंत तेवढी रोकड हाताशी लागते. मार्चमध्ये कापलेला टीसीएस त्याच वर्षाच्या विवरणपत्रात लवकर मागता येतो. एप्रिलमध्ये कापलेला पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रापर्यंत अडकतो. आईचा आईच्याच पॅनवर मागायचा.

बँकेत ए-२ हा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म भरताना कारण "बक्षीस" असू द्या. तालुक्याच्या शाखेत सवयीने कुटुंबाच्या चरितार्थाचा कोड लावतात, आणि मग बक्षीसपत्र एक सांगतं, बँकेचा कागद दुसरं. परकीय चलनाचं काम रोज करणारी शाखा गाठा. प्रत्येक वेळी स्विफ्टची, म्हणजे रक्कम परदेशी गेल्याच्या बँक-संदेशाची, प्रत मागून घ्या, मागितल्याशिवाय ती मिळत नाही. मधली बँक वीस-पंचवीस डॉलर कापते. सगळे शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय निवडा आणि शेवटच्या हप्त्यात थोडं जास्त पाठवा, म्हणजे प्रकल्पाच्या खात्यात पूर्ण ८ लाख पोचतील. ७,९९,९७५ डॉलर ही किमान रक्कम नव्हे.

मुलाच्या बाजूला एक सापळा आहे. अमेरिकेत करनिवासी असलेल्याला परदेशातल्या व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त बक्षीस मिळालं तर ३५२० हा फॉर्म भरावा लागतो. कर लागत नाही, पण फॉर्म राहिला तर रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. मार्च आणि एप्रिलमधली बक्षिसं अमेरिकेच्या एकाच कॅलेंडर वर्षात येतात, त्यामुळे एकाच फॉर्मवर दाखवा.

प्रकल्पाबद्दल मोजकंच. "पैसे नक्की परत देऊ" असा करार कुठेही असेल तर त्यानेच अर्ज नाकारला जाऊ शकतो, कारण पैसा जोखमीत असावा ही कायद्याची अट आहे. प्रकल्पाच्या मंजुरीसाठी केलेल्या आय-९५६एफ अर्जाची पावती किंवा मंजुरी बघा. मोजलेल्या नोकऱ्या माणशी दहापेक्षा बऱ्याच जास्त आहेत का, आपल्या पैशाच्या आधी कुठल्या बँकेचं कर्ज फिटणार, स्वतंत्र फंड प्रशासक आहे का, अर्ज नाकारला तर रक्कम किती दिवसांत परत, हे वाचा. कायद्याने पैसा किमान दोन वर्षं गुंतून राहायला हवा, पण करारात पाच-सहा वर्षं लिहिलेली असतात आणि तुम्हाला बांधतो तो करार.

मुलगा कायदेशीरपणे अमेरिकेत आहे आणि राखीव गटात रांग नसेल तर आय-५२६ई सोबतच आय-४८५ दाखल होतो आणि काम व प्रवासाची परवानगी मागता येते. तरी एच-१बी सोडू नका. अर्ज अडला तर तीच जमीन पायाखाली असते. सशर्त ग्रीन कार्ड दोन वर्षांचं. दुसरं वर्ष संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-८२९ भरायचा. तोपर्यंत पत्ता बदलला की खात्याला आणि वकिलाला दोघांनाही कळवा.

एजंट दुसऱ्या वाटा दाखवेल. ई-२ हा दोन देशांतल्या करारावर मिळणारा गुंतवणूकदार व्हिसा भारतीयांना नाही, कारण भारताशी तसा करार नाही. ग्रेनेडाचं नागरिकत्व विकत घेऊन तो मिळवायचा तर २०२२ च्या अखेरीपासून तिथे तीन वर्षं वास्तव्य लागतं, आणि परकं नागरिकत्व घेताच भारताचं जातं. २०२५ मध्ये आलेलं गोल्ड कार्ड म्हणजे १० लाख डॉलर सरकारला देऊन टाकणं, ते परत येत नाहीत, आणि व्हिसा ईबी-१ किंवा ईबी-२ या नोकरी-कौशल्याच्या गटांच्याच रांगेतून.

एजंटाच्या वकिलाबरोबर आधीच सही झाली असेल तरी वाट बंद नाही. तुमच्या फाइलची पूर्ण प्रत ईमेलवर मागा. अर्ज दाखल झाला असेल तर नव्या वकिलाचा जी-२८ दाखल होतो आणि खात्याची पत्रं त्याच्याकडे जाऊ लागतात. एस्क्रोमध्ये, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत तिऱ्हाइताकडे रक्कम राहते त्या खात्यात, पैसा गेला असेल तर तो कुठल्या अटीवर सुटतो ते कलम नव्या वकिलाला त्याच दिवशी दाखवा. ती अट पूर्ण व्हायच्या आत हाताशी असलेले दिवस मोजके असतात.